विमानप्रवासाचा रिव्ह्यू, पण फक्त सेफ्टीच्या नजरेनं (४/५)

एअरलाइनचे रिव्ह्यू वाचायला गेलं की सीट कशी होती, स्क्रीन चालू होती का, बॅग किती वेळात आली, क्रू नीट बोलला की नाही, एवढंच सापडतं. सेफ्टीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, आणि खरं तर तिकिटाच्या पैशात आपण सगळ्यात आधी तीच विकत घेतो ना, की मी इथून बसेन आणि तिथं धडधाकट उतरेन. म्हणून हा रिव्ह्यू फक्त त्याचा. एअरलाइनचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण नाव टाकलं की सगळी चर्चा त्या एका कंपनीवर जाते आणि मला जे सांगायचंय ते सगळ्याच कंपन्यांना लागू आहे. मी कामासाठी बरीच फिरते, पायलट नाही की इंजिनियर नाही, पण अपघातांचे चौकशी अहवाल वाचायची जुनी सवय आहे आणि त्यामुळे विमानात बसलं की माझी नजर बाकीच्यांपेक्षा वेगळ्याच गोष्टींवर जाते.

पाचपैकी चार देतेय. चार का आणि पाचवा का नाही, ते पुढे येईलच.

एक गोष्ट आधी. बाकी कुठलीही वस्तू आपण बघून, हाताळून, चार जणांना विचारून घेतो. विमानाचं तसं काहीच करता येत नाही. इंजिनाचं मेंटेनन्स कधी झालं, पायलट काल रात्री किती झोपला, मागच्या फ्लाइटला आलेला बिघाड दुरुस्त केला की पुढे ढकलला, यातलं काहीही सीटवर बसलेल्या माणसाला कळायचा मार्ग नाही. ते बघायचं काम आपल्या वतीनं सरकारी रेग्युलेटर करतो, त्याच्यासाठीच तो आहे. म्हणजे आपल्याला मिळते ती सेफ्टी अर्धी एअरलाइनची आणि अर्धी रेग्युलेटरची असते, तर रिव्ह्यू पण दोघांचा व्हायला पाहिजे.

सुरुवात टॉयलेटच्या दारापासून करते. दारावर मोठ्ठं नो स्मोकिंग आणि तिथेच एक छोटी अ‍ॅशट्रे. रांगेत माझ्या पुढे उभा असलेला मुलगा ती बघून म्हणाला, जुनं विमान दिसतंय, काढायला विसरलेत. विसरलेले नाहीत, कोऱ्या करकरीत विमानात पण ती बसवावीच लागते, तसा नियम आहे. १९७३ साली वरिग कंपनीचं बोइंग ७०७ पॅरिसच्या ओर्ली एअरपोर्टजवळ आलेलं असताना मागच्या टॉयलेटमध्ये आग लागली, पायलटनी विमान शेतात उतरवलं तरी १३४ पैकी १२३ जण गेले, बहुतेक सगळे धुरानं गुदमरून. कचऱ्याच्या डब्यात टाकलेली सिगरेट हे संभाव्य कारण मानलं गेलं. आता नियम करणाऱ्यांनी विचार काय केला बघा, बंदी घातली तरी एखादा चोरून ओढणारच, आणि ओढलीच तर थोटूक कागदांनी भरलेल्या डब्यात जाता कामा नये, म्हणून त्याला जागा ठेवा. माणूस नियम मोडणार हे धरून केलेला नियम आहे हा, आणि मला असे नियम फार पटतात.

त्याच टॉयलेटमधला स्मोक डिटेक्टर आणि कचऱ्याच्या डब्याला जोडलेलं आपोआप सुटणारं आग विझवायचं यंत्र, हे दोन्ही १९८३ च्या एअर कॅनडाच्या अपघातानंतर आले. डीसी-९ विमान, टॉयलेटमध्ये आग, पायलटनी सिनसिनाटीला व्यवस्थित उतरवलं, म्हणजे विमान धडपणे जमिनीवर उभं होतं. दारं उघडली, बाहेरची हवा आत गेली आणि दीड मिनिटाच्या आत अख्खी केबिन पेटली. ४६ पैकी २३ जण आतच राहिले. धूर इतका दाट होता की डोक्यावरच्या दिव्यांचा आणि एक्झिटच्या बोर्डांचा उपयोगच झाला नाही. पॅसेजमध्ये जमिनीलगत ती दिव्यांची किंवा चमकणारी पट्टी असते ना, जिच्याबद्दल डेमोमध्ये सांगतात आणि कोणी बघत नाही, ती त्यानंतर सक्तीची झाली. मी त्यामुळे बसल्या बसल्या पुढच्या आणि मागच्या दारापर्यंतच्या रांगा मोजून ठेवते. तुम्ही पण मोजा, दहा सेकंदांचं काम आहे, अंधारात आणि धुरात हातानं सीटच्या पाठी मोजत जाता आलं पाहिजे.

या फ्लाइटला मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत क्रूनं केलेलं काम. तिथं बसलेल्या प्रत्येकाला दार कसं उघडायचं ते सांगून हो म्हणवून घ्यायचं असतं. एका माणसानं हेडफोन न काढता नुसती मान हलवली. ती मुलगी तिथेच थांबली, म्हणाली, सर, हेडफोन काढा प्लीज, मग कार्ड त्याच्या हातात देऊन हँडल कुठे आहे ते बोटानं दाखवलं, दार निघाल्यावर कुठे टाकायचं ते विचारलं, आणि तो तोंडानं उत्तर देईपर्यंत हलली नाही. मागे लोक बॅगा घेऊन ताटकळले होते, एक जण वैतागून काहीतरी बोलला पण, तिनं लक्ष दिलं नाही. याला पूर्ण मार्क.

हे एवढं का महत्त्वाचं ते सांगते. १९८५ ला मँचेस्टरला ब्रिटिश एअरटूर्सच्या विमानाला टेकऑफ घेताना आग लागली, विमान रनवेवरच थांबवलं, उडालंच नव्हतं. पंखावरच्या एक्झिटशेजारी बसलेल्या बाईंनी गडबडीत हँडलऐवजी सीटचा आर्मरेस्ट ओढला, आणि नंतर दार निघालं तेव्हा ते साधारण २२ किलोचं दार त्यांच्याच अंगावर पडून त्या अडकल्या. त्यात वेळ गेला. ५५ माणसं गेली, त्यातली बरीचशी धुरामुळे. त्यानंतर एक्झिटपाशी जास्त मोकळी जागा, सीटच्या फोमवर आग रोखणारं आवरण, असे बदल वेगानं झाले. म्हणजे एक्झिट रो ही पाय पसरायला मिळणारी सीट म्हणून जास्त पैसे घेऊन विकली जाते, पण ती मोकळी जागा अशा अपघातांतून आलेली आहे आणि तिथे बसणाऱ्यानं काम करायचंय.

आता ९० सेकंदांचा नियम. ४४ पेक्षा जास्त सीटचं विमान विकायचं असेल तर कंपनीला दाखवून द्यावं लागतं की पूर्ण भरलेलं विमान, अंधार, अर्धीच दारं चालू, तरी सगळे ९० सेकंदांत बाहेर. आधी ही मुदत १२० सेकंद होती, १९६७ ला ९० केली. चांगला नियम आहे, यात वाद नाही. पण प्रत्यक्षात काय होतं? २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदाला जपान एअरलाइन्सचं ए३५० उतरताना रनवेवर असलेल्या कोस्ट गार्डच्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा जीव गेला, पण ए३५० मधले ३७९ च्या ३७९ लोक जिवंत बाहेर पडले. अनाउन्समेंटची सिस्टीम बंद पडली होती, क्रू मेगाफोनवर आणि घसा फोडून ओरडत होता, आठपैकी तीनच दारं वापरता आली, आणि लोकांनी बॅगा वरच सोडल्या. सगळे उतरायला ९० सेकंदांच्या कितीतरी पट वेळ लागला, आणि तेवढा वेळ केबिन टिकली म्हणून सगळे वाचले. केबिन टिकली ती आत काय वापरायचं, ते किती वेळ पेटू द्यायचं नाही, याच्या नियमांमुळे सुद्धा. प्लॅस्टिकच्या पॅनलपासून सीट कव्हरपर्यंत सगळ्याला टेस्ट आहे.

इथंच माझी पहिली तक्रार. सीटमधलं अंतर गेल्या काही वर्षांत कमी कमी होत गेलंय, गुडघे पुढच्या सीटला टेकतात, आणि किमान अंतर किती असावं हे ठरवून द्या असं अमेरिकन संसदेनं २०१८ सालीच एफएएला, म्हणजे तिथल्या विमान रेग्युलेटरला, कायद्यानं सांगितलं. एफएएनं टेस्ट घेतल्या, पण त्यात घेतलेली माणसं १८ ते ६० वयाची, धडधाकट. विमानात कोण असतं? गुडघे दुखणारे काका असतात, काठी घेतलेल्या आजी असतात, लहान मुलं असतात, गरोदर बाई असते. माझ्या शेजारच्या काकांना सीटवरून उठायलाच दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागत होता आणि पुढच्याची सीट मागे झुकलेली असली तर तेवढी पण जागा राहत नव्हती. एफएएचं हे काम अजून पूर्ण झालेलं नाही, आणि सीट कमी-जास्त करणं म्हणजे थेट कंपनीच्या कमाईला हात घालणं आहे, हे त्यामागचं कारण असावं असं मला वाटतं. पाचवा स्टार जायला सुरुवात इथून झाली.

आता ज्या गोष्टीवरून आमच्या फ्लाइटमध्ये सगळ्यात जास्त राडा झाला ती. रात्रीची फ्लाइट, खराब हवामानामुळे आधीच उशीर, बोर्डिंग झालं, दार बंद झालं, विमान रनवेच्या दिशेनं निघालं, रांगेत उभं राहिलं, आणि बऱ्याच वेळानं कॅप्टनचा आवाज आला की आमची ड्युटीची वेळ संपतेय, आता निघालो तर पोचेपर्यंत मर्यादा ओलांडली जाईल, त्यामुळे परत गेटवर जातोय. बापरे, जे काय सुरू झालं. लोक उठून उभे राहिले, एक जण म्हणाला एवढं थांबलात तर आणखी दोन तासांनी काय बिघडणारे, दुसरा म्हणाला आम्ही ऑफिसात दोन-दोन शिफ्ट करतो, यांचे काय लाड. क्रूमधली सगळ्यात सिनियर बाई शांतपणे एकच वाक्य सांगत होती, सर, कॅप्टनना नियमानं परवानगी नाही.

मी या बाबतीत पूर्णपणे क्रूच्या बाजूनं आहे आणि कॅप्टननी ते खरं कारण सांगितलं याबद्दल त्यांना मानते, कारण बऱ्याचदा टेक्निकल इश्यू म्हणून गुंडाळतात. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं छोटं विमान पडलं, विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक असे ५० जण गेले. विमान उतरण्याच्या तयारीत असताना स्पीड कमी झाला, स्टॉलची, म्हणजे पंखांचा हवेवरचा आधार सुटत असल्याची, वॉर्निंग आली, आणि कॅप्टननी नाक खाली करायच्या ऐवजी स्टिक मागे ओढली. चौकशीत निघालं की को-पायलट रात्रभर देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करून ड्युटीवर आली होती आणि कॅप्टननी क्रूच्या लाउंजमध्येच रात्र काढली होती. थकवा हेच एकमेव कारण असं अहवाल म्हणत नाही, ट्रेनिंगचा भाग मोठा होता, पण गेलेल्यांच्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षं वॉशिंग्टनच्या चकरा मारून जे मिळवलं ते २०१४ पासून लागू झालं, ड्युटी सुरू व्हायच्या आधी पायलटला किमान दहा तासांची विश्रांती आणि त्यात आठ तास झोपेची संधी. आणि त्यातही काय केलं, तर मालवाहू विमानांच्या पायलटांना या नियमातून वगळलं, कारण त्या कंपन्यांनी खर्चाचं कारण दिलं. पायलटचं शरीर मागे माणसं आहेत की खोकी आहेत ते बघून थकतं का? त्याच आकाशात उडतात, त्याच रनवेवर उतरतात. हे मला आजही पटत नाही.

राड्याच्या वेळी गेटवरच्या ग्राउंड स्टाफनं मात्र निराशा केली. विचारायला गेलं की मॅडम थोडा वेळ, मॅडम अपडेट येतोय, दुसरा क्रू येणारे की फ्लाइट कॅन्सल हे कोणी सांगेना. ही सेफ्टीची चूक नाही, पण असं झालं की लोकांचा राग नियमावर निघतो, आणि उद्या कुठल्या कॅप्टनवर तेवढंच दडपण आलं तर? कंपनीनं लोकांना नीट सांभाळणं हा पण सेफ्टीचाच भाग आहे असं मी धरते.

रेग्युलेटरवर आता सविस्तर, कारण खरा प्रश्न तिथे आहे. १९४४ साली विमानवाहतुकीसाठी देशादेशांमधला शिकागो करार झाला, त्यातून आयकाओ ही संस्था आली, आज १९३ देश तिचे सभासद आहेत, आणि किमान दर्जा काय असावा ते ती ठरवते. पण अंमलबजावणी ज्या त्या देशाचा रेग्युलेटर करतो, आयकाओकडे कोणाला दंड करायची ताकद नाही. अमेरिकेत १९५६ साली ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं हवेत आदळली, १२८ जण गेले, तेव्हा कुठे १९५८ चा कायदा झाला आणि अख्ख्या आकाशासाठी एक यंत्रणा, हीच ती एफएए, उभी राहिली. पण त्या कायद्यातच एक गोम होती, सेफ्टी पण बघा आणि विमान व्यवसायाची वाढ पण करा, दोन्ही कामं एकाच ऑफिसकडे. १९९६ ला व्हॅल्यूजेटचं विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळलं, ११० माणसं गेली, कार्गोमध्ये ऑक्सिजन जनरेटर चुकीच्या पद्धतीनं भरले होते, कंपनी झपाट्यानं वाढत होती आणि रेग्युलेटरची तपासणी तिच्या मागे पडली होती. त्यानंतर कुठे कायद्यातलं व्यवसाय वाढवायचं काम काढून टाकलं. जवळपास चाळीस वर्षं लागली त्याला.

आणि तरी २०१८ उजाडलं. बोइंग ७३७ मॅक्सबद्दल सगळ्यांनी ऐकलंय, पण त्यात रेग्युलेटरचं काय चुकलं ते लोकांच्या लक्षात राहत नाही म्हणून लिहिते. विमानात एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर होतं, नाक जास्त वर जातंय असं वाटलं की ते आपोआप खाली दाबायचं. विमानाला असा कोन मोजणारे दोन सेन्सर होते, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि हे सॉफ्टवेअर एका वेळी एकाचंच ऐकायचं. तो एक बिघडला की विमान स्वतःच स्वतःचं नाक जमिनीकडे ढकलणार, परत परत. पायलटच्या मॅन्युअलमध्ये त्याचा उल्लेख नव्हता. आणि हे सगळं सर्टिफाय कोणी केलं, तर बरंचसं काम बोइंगच्याच कर्मचाऱ्यांनी, एफएएच्या वतीनं. अशी कामं सोपवायची पद्धत जुनी आहे, रेग्युलेटरकडे तेवढी माणसं नसतात हे मान्य, पण ज्याचा पगार कंपनीकडून येतो त्याला कंपनीचंच काम नापास करायला सांगणं किती खरं धरायचं?

२९ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचं विमान पडलं, १८९ जण गेले. त्यानंतर एफएएनं स्वतः हिशोब केला की काहीच बदल केला नाही तर या विमानाच्या आयुष्यात असे १५ च्या वर जीवघेणे अपघात होऊ शकतात. हा आकडा त्यांच्या स्वतःच्या कागदावर होता. तरी विमान उडत राहिलं, पायलटना एक सूचना पाठवली आणि सॉफ्टवेअर दुरुस्त होईपर्यंत तेवढं पुरेल असं धरलं. १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचं दुसरं पडलं, १५७ जण. पहिला अपघात नजरेतून सुटला असं एक वेळ म्हणता येईल, दुसरा कळून सवरून झाला, आणि ते वाचताना मला आजही चीड येते. जगभरात बंदी घालण्यात एफएए पहिलं नव्हतं, चीन आणि बाकीचे देश आधी सरसावले. नंतर अमेरिकेत वीस महिने ते विमान जमिनीवर राहिलं, २०२० च्या शेवटी नवा कायदा आला, सोपवलेल्या कामावर जास्त देखरेख आली. आणि ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्सचा डोअर प्लग, म्हणजे न वापरलेल्या दाराच्या जागी बसवलेलं झाकण, हवेत असताना उडून गेला, कारण तो धरून ठेवणारे चार बोल्ट फॅक्टरीतच परत लावले नव्हते. कोणी गेलं नाही हे नशीब. पण चौकशीत सगळ्यात गंभीर गोष्ट मला ही वाटली की तो प्लग उघडला तेव्हाची नोंदच सापडली नाही. म्हणजे बोल्ट राहिले ते राहिले, पण राहिलेत हे कळायला कागद पण नव्हता.

कागदाचं महत्त्व ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी जपान एअरलाइन्स १२३ चं उदाहरण देते. १९७८ साली उतरताना विमानाची शेपटी घासली, केबिनमधला हवेचा दाब धरून ठेवणारी मागची प्रेशर भिंत दुरुस्त केली, त्यात जोडपट्टी सलग टाकायची त्याऐवजी दोन तुकड्यांत टाकली आणि त्यामुळे भार रिव्हेटच्या एकाच ओळीवर आला. सात वर्षं ते विमान हजारो वेळा उडालं. १२ ऑगस्ट १९८५ ला भिंत फुटली, शेपटी गेली, ५२० माणसं गेली, चार वाचली. म्हणून आमचं विमान जेव्हा दुसऱ्या क्रूसोबत निघायच्या तयारीत होतं आणि एक इंजिनियर वर येऊन कॉकपिटमध्ये लॉगबुकवर सही करताना उघड्या दारातून दिसला, तेव्हा मागचे लोक आता आणि काय म्हणून कुरकुरले पण मला बरं वाटलं. त्या सहीमागे एका माणसाचं लायसन्स असतं, काही झालं तर ती सही कोणाची हे विचारलं जातं.

रेग्युलेशनची सगळ्यात चांगली बाजू कुठली विचाराल तर मी म्हणेन चौकशीची पद्धत. आयकाओच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की अपघाताची चौकशी पुढचा अपघात टाळण्यासाठी, कोणाला दोषी ठरवण्यासाठी नाही. त्याच विचारातून अमेरिकेत १९७६ पासून पायलट, कंट्रोलर, मेकॅनिक आपली चूक स्वतःहून कळवू शकतात, ते रिपोर्ट नासाकडे जातात, नाव काढून टाकलं जातं, आणि मुद्दाम केलेलं किंवा गुन्हा नसेल तर शिक्षेपासून संरक्षण मिळतं. चूक सांगितली तर नोकरी जाणार असेल तर कोण सांगेल? बाकी किती सरकारी खात्यांनी हे घ्यायला पाहिजे.

आणि प्रवाशांनी पण बोलायला पाहिजे. १९८८ ला अलोहा एअरलाइन्सच्या विमानाचं छप्पर हवेत उडालं, क्रूमधली एक बाई बाहेर फेकली गेली, आणि नंतर चौकशीत एका प्रवाशानं सांगितलं की चढताना दाराजवळ तिला पत्र्याला चीर दिसली होती, ती कोणाला बोलली नाही. १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थला पायलटनी चुकून चांगलं इंजिन बंद केलं, कॅप्टननी उजवं इंजिन बंद केल्याचं सांगितलं तेव्हा मागे बसलेल्यांना आग डावीकडे दिसत होती, कोणी सांगितलं नाही, ४७ जण गेले. पायलटना कळत असेलच की, आपण कोण बोलणारे, असं प्रत्येकाला वाटतं. या फ्लाइटमध्ये मी सवयीनं सीटखाली हात घालून बघितला तर लाइफ जॅकेटचा खण रिकामा. सांगितलं, तर क्रूनं एका शब्दानं कटकट दाखवली नाही, स्वतः वाकून टॉर्चनं बघितलं, दुसरं आणून लावलं आणि लिहून घेतलं. जॅकेट गेलं कसं हा प्रश्न आहेच, मागच्या तपासणीत ते दिसायला पाहिजे होतं, त्याचे मार्क कापतेय. पण सांगितल्यावर जे झालं ते उत्तम.

पॉवर बँकबद्दल थोडक्यात, १०० वॉट-अवरच्या (बॅटरीची क्षमता, तिच्यावरच लिहिलेली असते) वरची असेल तर एअरलाइनची परवानगी लागते, १६० च्या वर चालतच नाही, आणि चेक-इन बॅगेत तर कधीच टाकू नका. या फ्लाइटला ती वरच्या बिनमध्ये ठेवू नका, जवळ ठेवा असं दोनदा सांगितलं. बरोबर सांगितलं, बिनमध्ये पेटली तर दिसायलाच वेळ लागतो.

कुठली एअरलाइन घ्यावी असं विचारणाऱ्यांना एकच सांगते, कोणाच्या जाहिरातीपेक्षा युरोपियन युनियनची बंदी घातलेल्या एअरलाइन्सची यादी बघा, २००६ पासून निघते, सगळ्यांसाठी खुली आहे, आणि त्यात बऱ्याच ठिकाणी एका देशाच्या सगळ्याच एअरलाइन्सवर बंदी असते, कारण तिथला रेग्युलेटरच कामाचा नाही असं तपासणीत निघालेलं असतं.

शेवटचा मुद्दा, आणि पाचवा स्टार मुख्यतः याच्यामुळे गेला. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घेऊन बसता येतं. कपबशी पडू नये म्हणून ट्रे बंद करायला लावतात, लॅपटॉप आत ठेवायला लावतात, मला बेल्ट लावायला लावतात, आणि बाळ फक्त आईच्या हातात. १९८९ ला युनायटेडचं विमान अमेरिकेत सू सिटीला कोसळत उतरलं तेव्हा मांडीवरची चार मुलं होती, त्यांना जमिनीवर ठेवून धरा असं सांगितलं गेलं, कारण त्या वेळी सूचनाच तशी होती. चौघांपैकी एक गेलं. क्रूची प्रमुख त्यानंतर अनेक वर्षं यासाठी लढली, चौकशी करणाऱ्या एनटीएसबीनं पुन्हा पुन्हा शिफारस केली. एफएएचं उत्तर असं की बाळाचं वेगळं तिकीट सक्तीचं केलं तर काही कुटुंबं विमान सोडून गाडीनं जातील, आणि रस्त्यावर त्यापेक्षा जास्त मुलं मरतील. हिशोब म्हणून मला तो समजतो, रस्ते खरंच जास्त धोक्याचे आहेत. पण मग बाळाची सीट स्वस्त करा ना, कंपन्यांना भाग पाडा, तेवढी ताकद रेग्युलेटरकडे नसेल तर कोणाकडे आहे? २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान टर्ब्युलन्समध्ये असं काही आदळलं की बेल्ट न लावलेली मोठी माणसं छताला जाऊन आपटली, एक प्रवासी गेला. ते बघून कुठली आई म्हणेल की मी हातानं धरून ठेवीन.

माझ्या पुढच्या रांगेत एक आई तिच्या सहा-सात महिन्यांच्या बाळाला घेऊन बसली होती, रात्रभर जागी. उतरताना तिला एवढंच म्हटलं की ताई, पुढच्या वेळी जमलं तर कारमधली चाइल्ड सीट विमानात चालते का विचारा, विमानात चालते असं लेबल असलं तर बहुतेक ठिकाणी चालते, फक्त बाळाची सीट बुक करावी लागते. तिला माहीतच नव्हतं. बुकिंग करताना वेबसाइटवर त्याचा कुठे पत्ता नव्हता, मी घरी येऊन मुद्दाम शोधलं, आत खोल कुठेतरी नियमांच्या पानात एक ओळ आहे.

परत याच एअरलाइननं जाईन का, तर हो, क्रूसाठी आणि त्या कॅप्टनसाठी नक्की जाईन. बाळ बरोबर असेल तर त्याच्या वेगळ्या सीटचे पैसे भरून.